कारावाज्जो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्त्य चित्रकलेवर स्लाइड दाखवत मराठीतून बोलायचं काम मी बरीच वर्षं करतो. कारावाज्जोचा दिवस असला की मागून खुर्च्या आणाव्या लागतात, आणि पुढे महिनाभर व्हॉट्सॲपवर प्रश्न येत राहतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केलेत. सगळ्यात जास्त विचारणा खुनाची असते, म्हणून तो प्रश्न मी मुद्दाम मागे ढकलला आहे. फारच घाई असेल तर प्रश्न १० वर जा, पण नंतर ४ आणि ८ वाचायला परत या.

१. हा कारावाज्जो नेमका कोण? दोन मिनिटांत सांगा.

इटालियन चित्रकार. जन्म मिलान, सप्टेंबर १५७१. खरं नाव मिकेलांजेलो मेरीसी. 'कारावाज्जो' हे मिलानजवळच्या गावाचं नाव, घराणं तिथलं. वडील फेर्मो हे त्या गावच्या सरदाराच्या पदरी होते. १५७७ च्या प्लेगात वडील आणि आजोबा दोघंही गेले, तेव्हा पोरगा सहा वर्षांचा होता. तेराव्या वर्षी मिलानमध्ये सिमोने पेतेरझानो या चित्रकाराकडे चार वर्षांच्या कराराने शिकायला राहिला. पेतेरझानो स्वतःला तिशियनचा शिष्य म्हणवून घ्यायचा.

विशीत रोमला आला. दुसऱ्याच्या स्टुडिओत फुलं-फळं रंगवण्यापासून सुरुवात केली. १६०० साली एका चर्चमध्ये त्याची दोन मोठी चित्रं लागली आणि रोमभर नाव झालं. १६०६ मध्ये हातून खून झाला. नेपल्स, माल्टा, सिसिली असा चार वर्षं पळत आणि रंगवत राहिला. १८ जुलै १६१० ला समुद्रकाठच्या एका लहानशा गावात मेला. वय ३८.

२. उच्चार काय करायचा? आणि मायकेलअँजेलो तो हाच का?

इटालियन उच्चार 'कारावाज्जो'. मराठीत 'कॅराव्हॅजिओ'ही लिहितात. त्यावरून वाद घालू नये.

सिस्टिन चॅपलचं छत रंगवणारा मायकेलअँजेलो वेगळा, तो १५६४ मध्येच वारला होता. नाव मात्र एकच. कदाचित म्हणूनच आपला माणूस गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. आपल्याकडेही एका वाड्यात तीन दत्तू असले की एकाला 'सातारकर' म्हणतातच.

३. त्याला 'बरोक' चित्रकार म्हणतात. बरोक म्हणजे काय?

मूळ शब्दाचा अर्थ वेडावाकडा मोती असा सांगतात, आणि तो आधी कुचेष्टेनेच वापरला गेला. साधारण १६०० च्या सुमारास सुरू झालेली, भावना थेट काळजाला भिडवणारी, नाट्यमय शैली, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल. प्रॉटेस्टंट बंडानंतर कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत (१५४५ ते १५६३) धर्मचित्रांबद्दलही धोरण ठरवलं. चित्र अडाणी माणसालाही कळलं पाहिजे, भक्ती जागी झाली पाहिजे. कारावाज्जोने हे सांगणं जरा जास्तच मनावर घेतलं. पुढची सोनेरी, ढगाळ, छतावरून देवदूत ओसंडणारी बरोक कला आणि हा माणूस यांत मात्र फार साम्य नाही.

४. त्यानं असं काय केलं की सगळे 'क्रांतिकारक' म्हणतात?

एक चित्र घेऊन बसू. रोममधलं सान लुइजी देइ फ्रांचेझी हे चर्च, त्यातलं कोंतारेल्ली चॅपल, डावी भिंत. 'संत मॅथ्यूला बोलावणं', १५९९–१६००. सव्वातीन मीटर उंच, जवळजवळ साडेतीन मीटर रुंद.

बायबलमधली गोष्ट एका ओळीची आहे. मॅथ्यू जकात वसूल करत बसलेला असतो, येशू येतो, म्हणतो 'माझ्यामागे ये', आणि तो उठून जातो. आता चित्रात काय आहे बघा. एक उदासवाणी खोली, वर मळकट तावदानांची खिडकी, तिच्यातून उजेडाचा थेंब येत नाही. खाली टेबलाभोवती पाच जण, १६०० सालच्या फॅशनचे कपडे, टोपीत पिसं, कमरेला तलवार. म्हणजे तेव्हाच्या रोमच्या कुठल्याही खानावळीत दिसावी अशी मंडळी. टेबलावर नाणी. उजवीकडून येशू आणि पीटर आत आलेत, अनवाणी. येशू अर्धाअधिक अंधारात आणि पीटरच्या आड. दिसतो तो चेहऱ्याचा तुकडा आणि पुढे केलेला हात. त्या हाताच्या वरून उजेडाची एक तिरकी पट्टी भिंतीवर सरकते आणि बसलेल्यांच्या चेहऱ्यांवर पडते.

देवदूत नाही, ढग नाहीत, आकाश फाटलेलं नाही. येशूच्या डोक्यावरचं वलयसुद्धा केसाएवढ्या बारीक रेघेचं. चमत्कार झालाय तो फक्त उजेडात.

लोकांना वाटतं क्रांती म्हणजे काळी पार्श्वभूमी. ती तर वरवरची गोष्ट (प्रश्न ५). खरी उलथापालथ ही, की पवित्र कथा त्याने आपल्या गल्लीत आणून बसवली. संतांना सुरकुत्या दिल्या, नखांत माती दिली, कपाळाला घाम दिला. याआधी थोर चित्रकार निसर्गातून 'उत्तम तेवढं' निवडून आदर्श देह घडवत. याने समोर बसलेला माणूस जसा होता तसा संत केला.

आणखी एक गंमत. येशूचा तो लोंबता हात सिस्टिनच्या छतावरून उचललेला आहे, पण तिथल्या देवाचा नव्हे, आदमचा. नावबंधूला केलेला नमस्कार म्हणा.

५. म्हणजे प्रकाश-छायेचा खेळ त्याने शोधला नाही?

नाही. छाया-प्रकाशातून गोलाई दाखवणं लिओनार्डोच्या पिढीला चांगलं येत होतं, आणि कारावाज्जो ज्या लोम्बार्दी भागातून आला तिथे रात्रीची, दिव्याच्या उजेडातली चित्रं काढायची परंपराच होती. त्याने केलं ते असं: मधल्या करड्या छटा जवळजवळ काढून टाकल्या. अंधार म्हणजे नुसती सावली न राहता ती जागाच झाली, आणि उजेड चित्राबाहेरच्या एकाच ठिकाणाहून, बहुधा वरून तिरका आला. यात दिवा दिसत नाही. तो कुठे आहे हे पाहणाऱ्याला कळतं, पण सापडत नाही.

आणि सुरुवातीची चित्रं तर उजळ आहेत. मिलानच्या आम्ब्रोझियाना संग्रहालयातली 'फळांची टोपली' बघा. पार्श्वभूमी फिकट पिवळसर, स्वच्छ. सफरचंदाला किडीचं भोक, द्राक्षाची पानं सुकून कुरळी झालेली, टोपली टेबलाच्या कडेवरून किंचित बाहेर आलेली. अंधाराचा पत्ता नाही, तरी पहिल्या नजरेत कारावाज्जो.

६. तो रेखाटन न करता थेट रंगवायचा हे खरं का? आणि भिंगं-आरसे वापरून 'ट्रेस' करायचा म्हणतात ते?

त्याचं एकही रेखाटन आजवर सापडलेलं नाही. रोममध्ये त्या काळी चित्रकार कागदावर डझनावारी अभ्यासचित्रं काढल्याशिवाय कॅनव्हासला हात लावत नसत, तिथे हा प्रकार उद्धटपणाच वाटला असणार. तो कॅनव्हासला गडद तपकिरी अस्तर द्यायचा. ते ओलं असताना ब्रशच्या मागच्या टोकाने किंवा तशाच टोकदार वस्तूने चार-दोन खुणा ओरखडायचा: इथे कान, इथे खांदा. हे ओरखडे तिरका उजेड टाकला की आजही दिसतात. मॉडेल उठून परत बसल्यावर जागा चुकू नये म्हणून ते असावेत. अस्तराचा तपकिरी रंगच पुष्कळदा सावली म्हणून तसाच ठेवलेला दिसतो. काम वाचलं आणि अंधार आतून आल्यासारखा झाला.

भिंगाचा मुद्दा डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराने गाजवला. आरसे त्याच्याकडे होते, हे नक्की. १६०५ मध्ये सहा महिन्यांचं भाडं थकलं म्हणून घरमालकिणीने त्याचं सामान जप्त केलं, त्या यादीत आरसाही आहे. पण आरसा वापरणं वेगळं आणि प्रतिमा गिरवणं वेगळं. एक्स-रेमध्ये आकृत्या सरकवलेल्या, पुसलेल्या, नव्याने मांडलेल्या दिसतात. कोंतारेल्लीतलं दुसरं चित्र, 'मॅथ्यूचं हौतात्म्य', त्याने अर्ध्यात मोडून पुन्हा रचलं. गिरवणाऱ्याला एवढी मारामारी करावी लागत नाही, असं माझं मत.

त्याच घराच्या भाडेकरारात आणखी एक कलम आहे: खोलीचं अर्धं छत उघडायची परवानगी. वरून पडणारा तो प्रसिद्ध उजेड, किंवा उंच कॅनव्हासला लागणारी जागा, यांपैकी कशासाठी यावर अभ्यासक भांडतात. सामान जप्त झाल्यावर त्याने रात्री मालकिणीच्या खिडक्यांवर दगड मारले, यावर मात्र कोणी भांडत नाही.

७. त्याची मॉडेल्स कोण होती? मेरीसाठी वेश्येला बसवलं असं ऐकलंय.

फिल्लिदे मेलान्द्रोनी ही रोममधली नावाजलेली गणिका त्याची मॉडेल होती. बायबलच्या कथेतली, शत्रूच्या सेनापतीची मान कापणारी 'ज्युडिथ' आणि माद्रिदमधली 'संत कॅथरिन' यांत तीच दिसते असं बहुतेक अभ्यासक मानतात. मादोन्नासाठी, म्हणजे मेरीसाठी, लेना नावाची बाई बसली असं मानतात. पोलीस दप्तरात तिचा उल्लेख 'कारावाज्जोची बाई' असा येतो आणि तिच्यावरून त्याने १६०५ मध्ये एका नोटरीच्या डोक्यात मागून तलवार घातली. मुलांमध्ये सिसिलीचा मारिओ मिन्नीती, आणि 'चेक्को' म्हणून ओळखला जाणारा पोरगा. हा चेक्को पुढे स्वतः चित्रकार झाला.

यालाच जोडून येणारा प्रश्न: तो समलिंगी होता का? मुलांची चित्रं मादक आहेत आणि शत्रूंनी कोर्टात टोमणेही मारलेत, बायकांशी संबंधांचे उल्लेखही आहेत. चित्रकाराच्या खोलीत आपण चारशे वर्षांनी किती वाकून बघायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

८. चर्च त्याची चित्रं परत करायचं म्हणे. मग त्याला कामं देत कोण होतं?

'चर्चने नाकारलेला बंडखोर' ही गोष्ट सिनेमाला बरी. प्रत्यक्षात त्याचे सगळ्यात मोठे चाहते लाल झग्यातलेच होते. कार्डिनल देल मोन्तेने त्याला आपल्या वाड्यात ठेवून घेतलं. तो वाडा म्हणजे आजचं इटलीचं सिनेट. पोपचा पुतण्या कार्डिनल शिपिओने बोर्गेझे तर हावऱ्यासारखा त्याची चित्रं गोळा करायचा.

परत गेलेली चित्रं मोजकी आहेत, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कोंतारेल्लीच्या वेदीवरचा पहिला मॅथ्यू चालला नाही. लिहिता न येणारा एक आडदांड म्हातारा, त्याचा हात धरून देवदूत अक्षरं गिरवून घेतोय, आणि संताचा उघडा पाय पाद्र्याच्या तोंडासमोर. ते चित्र जुस्तिनियानी या सावकार-रसिकाने लगेच घेतलं आणि कारावाज्जोने दुसरं काढून दिलं. पहिलं पुढे बर्लिनला गेलं आणि १९४५ मध्ये युद्धाच्या अखेरीस नष्ट झालं. आज फक्त काळे-पांढरे फोटो उरलेत.

'मेरीचा मृत्यू' हे ट्रास्तेव्हेरेच्या चर्चसाठी होतं. लाल झग्यातली मेरी, पोट फुगलेलं, पाय उघडे आणि सुजलेले. स्वर्गारोहण वगैरे काही नाही, घरात माणूस गेल्यावर असतं तसं दृश्य. पुढ्यात येशूची शिष्या मॅग्डालीन तांब्याच्या घंगाळाशेजारी वाकून रडतेय. कार्मेल पंथाच्या साधूंनी ते परत केलं. मग मान्तुआच्या ड्यूकने ते विकत घेतलं, आणि सल्ला दिला होता रुबेन्स नावाच्या तरुण चित्रकाराने. रोम सोडण्याआधी ते आठवडाभर लोकांना पाहायला ठेवावं लागलं, इतकी मागणी होती. आज ते लूव्हरमध्ये आहे.

सेंट पीटर्ससाठी काढलेली 'पालाफ्रेनिएरींची (पोपच्या मोतद्दारांच्या मंडळाची) मादोन्ना' तर काही दिवसांतच खाली उतरवली, आणि शिपिओने बोर्गेझेच्या भिंतीवर गेली.

आता अपवाद. सांत-आगोस्तीनो चर्चमधली 'लोरेतोची मादोन्ना' कोणी परत केली नाही. पोपडे उडालेल्या दाराच्या उंबऱ्यात मेरी उभी आहे, कडेवर भलं मोठं मूल. समोर गुडघे टेकलेले दोन म्हातारे यात्रेकरू. पुरुषाचे तळवे थेट आपल्याकडे: भेगाळलेले, मातीने काळे. बालिओने या त्याच्या वैऱ्याने नंतर लिहिलं की या चित्रावरून सामान्य लोकांनी मोठा कलकलाट केला. त्याला ती निंदा वाटली होती. पंढरीच्या वाटेवरचे पाय ज्याने पाहिलेत त्याला तो कलकलाट कसला होता हे समजावून सांगायला नको.

९. त्याचा स्वभाव खरंच इतका वाईट होता?

पोलीस दप्तर जाड आहे. परवान्याशिवाय तलवार बाळगणं, शिपायांना शिव्या, दगडफेक. एप्रिल १६०४ चा किस्सा सगळ्यांच्या आवडीचा. खानावळीत आठ आर्टिचोक मागवले, चार लोण्यातले, चार तेलातले. कुठले कुठले, असं विचारल्यावर पोऱ्या म्हणाला, वास घेऊन बघा. याने थाळीच त्याच्या तोंडावर फेकली आणि तलवारीला हात घातला. पोऱ्याने तक्रार केली, म्हणून आपल्याला त्या भाज्यांचा हिशेबही माहीत आहे.

पण तेव्हाच्या रोममध्ये तलवार घेऊन हिंडणारे आणि कोर्टात जाणारे तरुण शेकड्यांनी होते. सभ्य माणूस जगला तर त्याचा कागद उरत नाही. कारावाज्जोचं स्वतःचं एक पत्रसुद्धा आपल्याकडे नाही. त्याच्या तोंडचं जे आहे ते जबानीतलं. १६०३ मध्ये बालिओनेने बदनामीचा खटला भरला, कारण त्याच्यावरच्या अश्लील कविता गावभर फिरत होत्या. त्या खटल्यात याला विचारलं की चांगला चित्रकार कोणाला म्हणतोस. उत्तराचा आशय असा: ज्याला नीट रंगवता येतं आणि निसर्गातल्या गोष्टी हुबेहूब उतरवता येतात, तो. कलाविषयक त्याचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच, आणि तेही आरोपीच्या पिंजऱ्यातून. हाच बालिओने पुढे त्याचा चरित्रकार झाला, हे वाचताना ध्यानात ठेवावं.

१०. खून कोणाचा केला? टेनिसवरून?

२८ मे १६०६ ची संध्याकाळ, रोमचा काम्पो मार्झिओ भाग, पाल्लाकोर्दा नावाच्या टेनिससारख्या खेळाचं मैदान. मेला तो रानुच्चो तोमास्सोनी, वजनदार घरातला गुंड. तलवार मांडीत लागून रक्तस्राव झाला आणि तो गेला. कारावाज्जोच्याही डोक्याला जखम झाली. त्या वेळच्या बातमीपत्रांनी पैजेच्या पैशांचं कारण दिलं. पण दोन्ही बाजूंनी साथीदार ठरवून आले होते असं दिसतं. त्यामुळे हे आधी ठरलेलं द्वंद्व असावं आणि मुळात भांडण जुनं असावं, असं आता पुष्कळांना वाटतं. फिल्लिदे (प्रश्न ७) आणि रानुच्चो यांचे संबंध होते, म्हणून तिचंही नाव घेतलं जातं.

शिक्षा झाली ती मात्र स्पष्ट होती. पोपच्या राज्यात दिसला तर कोणीही ठार मारावं.

११. डोक्यावर मृत्युदंड असताना कामं कशी मिळत होती?

पोपचं राज्य म्हणजे सगळी इटली नव्हती. नेपल्स स्पेनच्या ताब्यात होतं. शिवाय कोलोन्ना या बलाढ्य घराण्याचा हात पाठीवर होता. कारावाज्जो गावची सरदारीण कोस्तान्झा कोलोन्ना ही त्यांच्यातलीच, म्हणजे बापाच्या नोकरीचं नातं पोराला जन्मभर पुरलं.

नेपल्समध्ये पोचल्यावर काही महिन्यांतच 'दयेची सात कृत्यं' हे चित्र दिलं, मोबदला ४०० डुकाट. पाहुण्याला आसरा, नग्नाला वस्त्र, मृताला मूठमाती वगैरे सात कृत्यं त्याने एकाच अंधाऱ्या बोळात कोंबली. ते चित्र ज्या धर्मादाय संस्थेसाठी काढलं, तिच्याच चर्चमध्ये आजही आहे.

१२. माल्टामध्ये काय झालं? आणि सही असलेलं एकच चित्र तिथे आहे का?

हो. १६०७ मध्ये तो माल्टाला गेला आणि १४ जुलै १६०८ ला सेंट जॉनच्या पंथाचा सरदार झाला. खुन्याला ही पदवी देण्यासाठी पोपची खास परवानगी काढावी लागली. व्हालेट्टातल्या चर्चसाठी त्याने 'योहानाचा शिरच्छेद' काढला. पाच मीटरहून रुंद, त्याचं सगळ्यात मोठं चित्र. तुरुंगाचं अंगण, डावीकडे घोळका, उजवीकडचा अर्धा भाग जवळजवळ रिकामी भिंत. मान पुरती तुटलेली नाही. मारेकरी पाठीमागून सुरा काढतोय. जमिनीवर सांडलेल्या रक्तातूनच सही सुरू होते: 'फ्रा मिकेलांजेलो'. फ्रा म्हणजे बंधू, पंथाचा सदस्य. मिरवण्यासारखं बिरुद मिळालं ते त्याने रक्तात लिहिलं.

महिन्याभरात दुसऱ्या सरदाराशी मारामारी, मग किल्ल्यात कैद, तिथून दोरीने पसार. १ डिसेंबर १६०८ ला पंथाने त्याला 'सडलेला, दुर्गंधी अवयव' म्हणून काढून टाकलं. तो विधी ज्या दालनात झाला तिथे समोर भिंतीवर त्याचंच हे चित्र होतं.

१३. शेवट कसा झाला?

सिसिलीत वर्षभर काढून तो नेपल्सला परतला. तिथे ऑक्टोबर १६०९ मध्ये एका खानावळीच्या दारात त्याला गाठून चेहऱ्यावर वार केले, ओळखू येईना इतके. तरी रंगवणं सुटलं नाही. मे १६१० मध्ये 'संत उर्सुलाचं हौतात्म्य' पुरं झालं. जेनोव्हाच्या गिऱ्हाइकाच्या माणसाने घाईत ते लवकर वाळावं म्हणून उन्हात ठेवलं आणि व्हार्निश मऊ पडलं. तशी कबुली त्याने पत्रात दिली आहे.

जुलैत माफी मिळायची चिन्हं दिसू लागली. तो लहान गलबतातून, सोबत चित्रं घेऊन, रोमकडे निघाला. वाटेत पालो इथे उतरला तर पहाऱ्याने पकडलं, गलबत चित्रांसकट पुढे गेलं. सुटल्यावर पोर्तो एरकोलेला पोचला आणि तिथे तापाने मेला. मलेरिया, जखमेतला जंतुसंसर्ग, रंगातलं शिसं अशी कारणं सुचवली जातात. 'त्याची हाडं सापडली' या बातमीवर सगळ्यांचा विश्वास नाही, माझाही नाही.

१४. गोलायथचं कापलेलं डोकं म्हणजे तोच?

हो, ते डोकं कारावाज्जोचंच. बोर्गेझे संग्रहातल्या 'डेव्हिड' चित्रातलं, बायबलमधल्या राक्षसी योद्धा गोलायथला मारणाऱ्या डेव्हिडचं. सतराव्या शतकापासून तसं लिहिलेलं आहे. डेव्हिडच्या चेहऱ्यावर विजय दिसत नाही, दया दिसते. माफीसाठी शिपिओने बोर्गेझेकडे पाठवलेला हा अर्जच, अशी गोष्ट सांगितली जाते. ज्याच्या शिरावर इनाम आहे त्याने स्वतःचं शिर रंगवून द्यावं, ही कल्पना मोहात पाडते. पण चित्राच्या तारखेवर एकमत नाही, म्हणून जपून.

१५. कोंतारेल्लीच्या चित्रात मॅथ्यू नक्की कोणता? आमच्या ग्रुपवर भांडण झालं.

होऊ द्या, मोठमोठे भांडलेत. पारंपरिक उत्तर: मधला दाढीवाला, बोट छातीकडे करून 'मी?' विचारणारा. दुसरं मत: तो बोट शेजारच्याकडे दाखवतोय, आणि मॅथ्यू म्हणजे टेबलाच्या टोकाला मान खाली घालून पैसे मोजणारा पोरगा, ज्याने अजून वर पाहिलेलंच नाही. मी दाढीवाल्याच्या बाजूने, कारण त्याच चॅपलच्या वेदीवरचा मॅथ्यूही दाढीवाला आहे. पण त्या मान खाली घातलेल्या पोराकडे बघत राहिलं की माझंही मत डळमळतं.

१६. एवढ्या जुन्या चित्रकाराची 'नवी' चित्रं कशी सापडतात?

माल्टातलं एक चित्र सोडलं तर त्याने सही केली नाही, रेखाटनं ठेवली नाहीत, आणि नक्कल करणारे शेकडो. आज सत्तरच्या आसपास चित्रं त्याची मानतात, पण तज्ज्ञ बदलला की आकडा बदलतो.

उत्तम उदाहरण डब्लिनचं. जेझुइट पाद्र्यांच्या भोजनगृहात एक काळवंडलेलं चित्र लटकत होतं, होन्थोर्स्ट या डच चित्रकाराच्या नावावर. १९९० मध्ये ते साफसफाईसाठी बघायला गेलेल्या सेर्जो बेनेदेत्ती या जाणकाराला संशय आला. ते कारावाज्जोने १६०२ मध्ये काढलेलं 'येशूला अटक' निघालं. त्यात उजवीकडे कंदील उंच धरून डोकावणारा माणूस म्हणजे तो स्वतः.

माद्रिदमध्ये २०२१ साली लिलावात एक 'एच्चे होमो' (काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूला लोकांपुढे उभं केल्याचं चित्र) १५०० युरोपासून सुरू होणार होतं. जाणकारांनी ओळखल्यावर ते काढून घेतलं गेलं आणि सरकारने देशाबाहेर न्यायला बंदी घातली. २०२४ मध्ये ते प्रादो संग्रहालयात लागलं. तुलूझमध्ये २०१४ साली माळ्यावर सापडलेल्या 'ज्युडिथ'बद्दल मात्र आजही दोन तट आहेत.

१७. आणि चोरीला गेलेलं?

पालेर्मोच्या सान लोरेन्झो प्रार्थनागृहातली 'नेटिव्हिटी', म्हणजे येशूजन्माचं चित्र, ऑक्टोबर १९६९. रात्री चौकटीतून पात्याने कापून नेली. माफियाच्या साक्षीदारांनी एकेक भलती हकिकत सांगितली, चित्र काही आलं नाही. २०१५ पासून तिथे डिजिटल प्रतिकृती आहे.

१८. मधे तो विसरला गेला होता, ते कसं?

मेल्यावर लगेच तर लाटच आली होती. नेपल्समध्ये रिबेरा, उट्रेख्टमध्ये होन्थोर्स्ट आणि तेरब्रुगेन, फ्रान्समध्ये व्हालांतँ आणि दे ला तूर. रेम्ब्रांट रोमला कधी गेला नाही, पण उट्रेख्टवाल्यांमार्फत तो उजेड त्याच्यापर्यंत पोचला. मग अभिरुची फिरली. फ्रेंच चित्रकार पूसाँ तर म्हणायचा, हा चित्रकलेचा नाश करायलाच जन्मला होता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात त्याची चित्रं अंधाऱ्या चॅपलमध्ये धूर खात राहिली. रोबेर्तो लोंगी या समीक्षकाने आयुष्य घालवून त्याला परत उभं केलं. १९५१ चं मिलानचं प्रदर्शन हा तो क्षण. पुढे इटलीने एक लाख लिरांच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला. फरारी गुन्हेगार आणि नोट, हे इटलीतच जमतं.

१९. आर्तेमिसिया जेन्तिलेस्की त्याची शिष्या होती ना?

नाही. तो रोम सोडून पळाला तेव्हा ती १२ वर्षांची होती. तिचे वडील ओराझिओ त्याचे दोस्त आणि बदनामीच्या खटल्यातले (प्रश्न ९) सहआरोपी. शिकली ती वडिलांकडे आणि त्याची चित्रं बघून. दोघांच्या 'ज्युडिथ' शेजारी ठेवा. त्याची ज्युडिथ हात लांब करून, कपाळाला आठी घालून, अंग मागे घेत कापते. आर्तेमिसियाच्या ज्युडिथने बाह्या वर सारल्यात, दासीने गड्याला दाबून धरलंय आणि दोघींच्या दंडांत जोर आहे. काम कसं करतात हे त्या बाईला ठाऊक होतं.

२०. आपल्या हळदणकरांचं दिवा धरलेल्या बाईचं चित्र 'कारावाज्जो स्टाइल' आहे का?

मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, मूळ सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं. अनेक जण अजूनही ते राजा रविवर्म्यांच्या नावावर खपवतात. काळोखातून उजळलेला चेहरा हे साम्य खरं, आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये युरोपीय वास्तववादी शिक्षण मिळत होतं. पण त्यात दिवा समोर आहे, हाताच्या आडून बोटं लालसर झालेली दिसतात. ही होन्थोर्स्टची जात, ज्याला इटलीत 'रात्रींचा गेरार्दो' म्हणत. कारावाज्जोचा दिवा चौकटीबाहेर असतो (प्रश्न ५). शिवाय हळदणकरांचं काम जलरंगातलं आहे. पाण्यात एवढा अंधार उतरवायचा हे कसब वेगळंच, त्याला परक्याची उपमा द्यायची गरज नाही.

२१. प्रत्यक्ष कुठे बघता येईल?

भारतात २०२५ मध्ये 'समाधिस्थ मॅग्डालीन' दिल्लीला किरण नाडर संग्रहालयात आणि मग बंगळुरूला येऊन गेलं. मुला-मुलींकडे परदेशी जाणाऱ्यांसाठी: लंडनच्या नॅशनल गॅलरीत तीन आहेत आणि प्रवेश फुकट. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये दोन. डेट्रॉइट, क्लीव्हलंड, कॅन्सस सिटी, टेक्ससमधलं फोर्ट वर्थ इथे एकेक.

रोममध्ये बोर्गेझेचं तिकीट आधी काढा, दोन तासांचीच पाळी मिळते. पण सहा चित्रं चर्चमध्ये आहेत, एक पैसा न देता: सान लुइजीत तीन, सांता मारिया देल पोपोलोत दोन, सांत-आगोस्तीनोत एक. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि दुपारी ही चर्चं बंद असतात. सुटी नाणी जवळ ठेवा. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्याच वेळात खट्कन बंद होतो. तेव्हा लगेच दुसरं नाणं टाकू नका. वेदीवरच्या खिडकीतून जेवढं येतं तेवढ्यात डोळे स्थिरावू द्या. 'मॅथ्यूला बोलावणं' मधला रंगवलेला उजेडही त्याच बाजूने येतो.